बटाट्यांचा मुका मार

तिला सगळे पानेबाई म्हणत. एप्रनच्या उजव्या खिशात बारा-तेराचा पाना, डाव्या खिशात ग्रीसचं फडकं आणि कानामागे पेन्सिल, अशा अवतारात ती सकाळी सातला शेडमध्ये शिरायची, ती जेवायलाच बाहेर यायची. नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. तिला मात्र ते मनापासून आवडायचं. फोन आला तरी ती बेधडक सांगायची, "हां, पानेबाई बोलतेय."

तिच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभं राहायचं. शाळेतून आली की ती तिथे उभी राहायची, बॉबिनची डबी पुसायची, पट्टे घट्ट करायची. वडील म्हणायचे, "गिऱ्हाईक सांगेल सुई खराब आहे. आपण हो म्हणायचं, आणि आधी कापड पुढे सरकवणारे खालचे दात बघायचे." दहाव्या वर्षी तिला मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल आहे ते कळायला लागलं होतं.

लग्न होऊन ती आली ती बटाट्याच्या घरात. शंभर एकर बटाटा, दोन ट्रॅक्टर, लावणीचं यंत्र, एक अवाढव्य जुना हार्वेस्टर, आणि पाठीमागे गोदाम. घरात सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि तिचा नवरा. नवरा बियाण्याचं बघायचा. कुठला बटाटा बियाण्याला ठेवायचा आणि कुठला नाही हे तो डोळे मिटून सांगायचा, पण यंत्रांचं त्याला वावडं होतं. स्टेअरिंग त्याच्या हातात आलं की ट्रॅक्टर खांब शोधत निघायचा. स्वयंपाक मात्र फर्मास करायचा. दोघांनी फारसं न बोलता आपापली कामं वाटून घेतली होती.

पहिल्या वर्षी तिला बायकांबरोबर निवडीच्या टेबलावर बसवलं होतं. ऐन काढणीत हार्वेस्टर बंद पडला. त्याच्या पोटात लोखंडी गजांचा एक फिरता पट्टा असतो. माती गजांमधून खाली गळते आणि बटाटे वर चढतात. त्यातले दोन गज तुटले. फिटर दोन दिवसांनी येणार होता आणि आभाळ भरून आलं होतं. सगळे हातावर हात ठेवून बसले. ती टेबलावरून उठली, शेडमागे गंजत पडलेल्या जुन्या पट्ट्याचे दोन गज काढून आणले आणि हार्वेस्टरखाली उताणी झाली. दुपारी तीनला हार्वेस्टर चालू झाला, तेव्हा तिच्या केसांत इतकी माती होती की जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हिच्यावरच लावणी करता येईल."

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी शेडची किल्ली तिच्या ताटाशेजारी ठेवली. "मीठ दे जरा इकडे," एवढंच म्हणाले.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सासरे गेले. कारभार थोरल्या दिरांकडे आला. ती त्यांना भाऊजी म्हणे आणि जाऊबाईंना ताई. हार्वेस्टर बदलला, गोदाम वाढलं. आता गोदामात माणसाच्या छातीएवढ्या लाकडी पेट्या एकावर एक सहा रचलेल्या असत आणि त्यांच्या खालून मोठाले पंखे गार हवा सोडत. हवा किती सोडायची, दारं कधी उघडायची, हे पानेबाई ठरवायची. गोदामात शिरल्यावर ती आधी एक दीर्घ श्वास घ्यायची. ओल्या मातीचा वास आला की ठीक. जरा गोडसर वास आला की त्या रांगेतल्या पेट्या खाली उतरल्याच म्हणून समजा.

त्या वर्षी भाऊजींनी एका प्रदर्शनातून पेट्या भरायचं नवं यंत्र आणलं. पूर्वी पट्ट्यावरून आलेले बटाटे दोन बायका लाकडी घसरगुंडीवरून हातानं पेटीत सोडायच्या. आता यंत्राची लांब सोंड पेटीत उतरायची, बटाटे तळाशी ठेवायची आणि पेटी भरत जाईल तशी वर यायची. सोंडेच्या टोकाला एक काचेचा डोळा होता; बटाटे किती खाली आहेत ते त्याला दिसायचं म्हणे. मजुरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव हत्ती ठेवलं. ते बसवायला कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस आला होता. जाताना तो भाऊजींना बजावून गेला, की याला कोणी हत्यार लावायचं नाही, नाहीतर गॅरंटी जाईल.

भाऊजींनी ते सगळ्यांसमोर पानेबाईला ऐकवलं. "कळलं का? याला तुझा पाना लागायला नको."

"नाही लागणार," ती म्हणाली, आणि तिथून निघून गेली. बावीस वर्षांत शेडमधल्या कुठल्याही यंत्राबद्दल तिला असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिनं हत्तीकडे बघायचंच सोडून दिलं.

काढणी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि वेफर्सच्या कारखान्यातून ट्रक परत आला. अख्खा ट्रक. बरोबर कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती आणि एका पिशवीत सोललेले दहा बटाटे. वरून बघावं तर कातडी गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. आत मात्र निळसर काळे डाग. बटाटा उंचावरून पडला की त्याला असाच मुका मार लागतो. त्या वेळी काहीच दिसत नाही. दीड-दोन दिवसांनी आतल्या आत काळं पडतं.

भाऊजी भडकले. हार्वेस्टर चालवणारे ड्रायव्हरकाका तीस वर्षं त्या शेतावर होते, सासऱ्यांच्या वेळेपासून. खापर त्यांच्यावर फुटलं.

"तुम्ही गाडी पळवता, काका! लवकर घरी जायची घाई असते तुम्हाला!"

काकांनी खिशातून हार्वेस्टरची किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून दुसरा माणूस बघा." मग डबा काखेत मारून चालते झाले.

ताई दारात उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. पानेबाईनं पिशवीतला एक बटाटा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"भाऊजी, काढणी चार दिवस थांबवा."

"चार दिवस? आणि पाऊस आला तर?"

"मग दोन द्या."

"दोन दिवसांत तू काय करणार आहेस?"

"बटाटे सोलणार," ती म्हणाली.

ती आधी काकांच्या घरी गेली. काका ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काका, एक ओळ काढून द्या मला. एकच."

"कशाला? तुमच्या दिरांना सांगा. ते चालवतील हळूहळू."

"मला हळू नकोच आहे. तुम्ही रोज चालवता तशीच हवी. माझ्यासाठी सांभाळून चालवलीत तर माझी सगळी मेहनत वाया जाईल."

काकांनी दोरा तोडला. "आणि दोष माझाच निघाला तर?"

"तर तुमच्या तोंडावर सांगेन."

काकांनी चपला पायात सरकवल्या. "चला."

दुपारपर्यंत तिनं सहा ठिकाणांहून बटाटे घेतले, प्रत्येक ठिकाणचे वीस. पहिले वीस तिनं स्वतः मातीत हात घालून काढले. मग हार्वेस्टरच्या टोकाचे, मग ट्रॉलीतले, मग शेडमधल्या पहिल्या पट्ट्यावरचे, निवडीच्या टेबलापुढच्या पट्ट्यावरचे, आणि शेवटी हत्तीनं भरलेल्या पेटीतले. सहा पिशव्यांवर एक ते सहा आकडे घातले. कुठला आकडा कुठला ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली. डाग लवकर उमटायला ऊब लागते. घरात सगळ्यात ऊबदार आणि दमट जागा म्हणजे बाथरूम. तिनं सहाही पिशव्या तिथे नेल्या, गरम पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या आणि दार बंद केलं.

"आणि आम्ही अंघोळ कुठे करायची?" ताईंनी विचारलं.

"उद्यापर्यंत नाही करायची."

"बटाट्यांची बडदास्त बघा! माझ्या लग्नात मला एवढं गरम पाणी मिळालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. नवऱ्यानं सोलाण्यांना धार लावून ठेवली होती. ताई, नवरा, काका, ती, आणि तिच्या आग्रहावरून भाऊजीही. भाऊजींनी आयुष्यात बटाटा पिकवला होता, विकला होता, खाल्ला होता, सोलला नव्हता. अर्धा बटाटा सालीबरोबरच जायचा.

"अहो, डाग शोधायचाय, बटाटा संपवायचा नाहीये," ताई म्हणाल्या, तसं काकांनाही हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

एकशेवीस बटाटे. एक पिशवी संपली की पानेबाई डागी किती ते पेन्सिलीनं टेबलावरच लिहायची. पहिल्या पिशवीत एकही नाही. दुसरीत तीन, तिसरीत तीन, चौथीत तीन. पाचवीत सहा. सहावी पिशवी निघाली. नुसता सोलाण्यांचा आवाज. एक डागी, दोन चांगले, मग लागोपाठ चार डागी. वीसमधले चौदा.

भाऊजींनी सोलाणं खाली ठेवलं. "सहावी कुठली?"

तिनं चिठ्ठी काढली, पण उलगडून लगेच त्यांना दिली नाही. "आधी दुसरी सांगते. दुसरी हार्वेस्टरची. तीन बटाटे. ते काकांचे नाहीत, माझे आहेत. गजांवरचं रबर झिजलंय. नवं रबर दोन महिन्यांपासून शेडमध्ये पडलंय. आज बसवते, उद्या बसवते करत राहिले. तीन डाग माझ्या नावावर."

नवऱ्यानं तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"आता सहावी," ती म्हणाली, आणि चिठ्ठी भाऊजींच्या हातात दिली.

भाऊजींनी वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शक्य नाही. त्याला डोळा आहे. कंपनीचा माणूस स्वतः म्हणाला..."

"डोळा आहे ना? मग त्याला काय दिसतंय ते बघू या."

सगळी वरात शेडमध्ये गेली. भाऊजी नेहमीप्रमाणे बटणांच्या पाटीपाशी उभे राहिले. त्यांनी यंत्र चालू केलं आणि पाटीवर हिरवा दिवा लागला. रोज सगळे तिथेच उभे राहायचे, हिरवा दिवा बघायचे आणि समाधानानं जायचे. पानेबाईनं शिडी लावली. वर चढताना तिच्या मनात एक गोष्ट टोचत होती. इथे तीन आठवड्यांपूर्वीच चढायला हवं होतं. हत्यार लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं, बघायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. रुसवा धरला होता तो तिचा तिनंच.

सोंड रिकाम्या पेटीत उतरत होती, पण जेमतेम कडेपर्यंत. तिथे थांबून ती बटाटे सोडत होती, आणि बटाटे छातीएवढ्या उंचीवरून धाडधाड तळावर आदळत होते. शेडमधल्या बाकीच्या घरघरीत तो आवाज कोणाला वेगळा ऐकूच आला नव्हता. तिनं भाऊजींना यंत्र बंद करायला लावलं आणि सोंडेचं टोक धरून डोळा पाहिला. त्याच्यावर वाळलेल्या मातीचा पातळ थर बसला होता. बिचाऱ्या हत्तीला नाकासमोरची माती दिसत होती आणि त्याला वाटत होतं, पेटी भरली.

तिनं डाव्या खिशातून फडकं काढलं, त्याची स्वच्छ बाजू शोधली, डोळा पुसला आणि खाली उतरली. "चालू करा, भाऊजी."

भाऊजींनी बटण दाबलं. सोंड खाली गेली, आणखी खाली गेली, पार तळाला टेकली. पहिले बटाटे इतके अलगद बाहेर आले की आवाजही झाला नाही.

"पाना लावला नाही हं," ती म्हणाली. "गॅरंटी शाबूत आहे."

ताईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. भाऊजींनी वाकून पेटीत हात घातला, एक बटाटा काढला, अंगठ्यानं माती पुसली आणि परत ठेवला. हळूच ठेवला.

उरलेला दिवस दुरुस्तीत गेला. पाचव्या पिशवीतले जास्तीचे तीन डाग कुठून आले ते तिला पट्ट्याकडे बघूनच कळलं. निवडीच्या टेबलापुढचा पट्टा गरजेपेक्षा जोरात पळत होता. त्याच्यावर बटाटे विरळ होते आणि उड्या मारत होते. पट्टा सावकाश चालला की तो भरलेला राहतो, आणि बटाट्याला बटाट्याचाच आधार मिळतो. तिनं मोटारीवरची पुली काढून लहान बसवली. हे काम तिनं वडिलांच्या दुकानात शंभरदा केलं होतं. शिकाऊ बायकांना मशीन आवरत नसे, तेव्हा वडील हेच करायचे. मग ती हार्वेस्टरखाली शिरली आणि काकांच्या मदतीनं एकेका गजाला नवं रबर चढवत गेली. काका गज धरायचे, ती ठोकायची. चाळीसएक गज झाल्यावर काका म्हणाले, "तोंडावर सांगणार होतात म्हणे."

"सांगण्यासारखं काही निघालं असतं तर सांगितलंच असतं."

भाऊजी शेडच्या दारात आले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी काकांना दिला. माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी खिशातून हार्वेस्टरची किल्ली काढून काकांसमोर धरली. "मी बोललो ते चुकलंच," ते म्हणाले. "उद्या किती वाजता सुरू करायचं?"

काकांनी किल्ली घेतली. "नेहमीच्याच वेळेला."

दुसरा कप त्यांनी पानेबाईपुढे धरला. "आणि हत्तीकडेही आता तूच बघ."

पुढचा ट्रक घेऊन पानेबाई स्वतः कारखान्यात गेली. खरेदी अधिकारी हाडकुळा, सावध माणूस होता. त्याच्या टेबलावर पातळ पात्याचा चाकू आणि दिव्याखाली पांढरी थाळी. त्यानं नमुन्यासाठी वरच्या थरात हात घातला, तशी ती म्हणाली, "वरचे नका घेऊ. तळातले घ्या."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. माल विकायला आलेला माणूस तळातले बटाटे दाखवतो, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पेटी रिकामी करवून तळातले चाळीस घेतले आणि एकामागून एक सोलले. ती समोर हाताची घडी घालून उभी होती. त्या बटाट्यांच्या जोडीचे चाळीस तिनं आदल्या दिवशी सोललेलेच होते, त्यामुळे तिची छाती धडधडत वगैरे काही नव्हती. चाळीसमध्ये दोन डाग निघाले.

"मागच्या खेपेला अर्ध्याहून जास्त होते," तो म्हणाला. "काय केलंत?"

"पुसलं," पानेबाई म्हणाली.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं; सहा पिशव्या, बाथरूम, रबर, पुली. तो चाकू हातात तसाच धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, आणखी चार-पाच ठिकाणांहून असाच डागी माल येतो, त्या लोकांसमोर येऊन बोलाल का?

"बोलायला नाही जमणार. दाखवायला जमेल. त्यांना शेडवर पाठवा, येताना सोलाणी आणायला सांगा."

लोक आले. आधी एक जण आला, तो बायकोलाही घेऊन आला. मग तिघे मिळून आले. पानेबाई कोणालाही भाषण द्यायची नाही. सहा पिशव्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तुमच्या शेतावर जा, भरा, दोन दिवसांनी मला आकडे सांगा." पुष्कळांना वाटायचं की आपला दोष हार्वेस्टरमध्ये आहे आणि निघायचा भलतीकडेच. एकाच्या ट्रॉलीच्या तळाला लोखंडी पत्रा होता, त्यावर जुनी चटई टाकल्यावर त्याचं काम झालं. हे सगळं ती जेवताना रंगवून सांगायची आणि नवरा वाढता वाढता ऐकायचा.

काढणी संपली, गोदाम भरलं. एक दिवस दुपारी ती गोदामाच्या दारांचं-पंख्यांचं बघत होती, तर मागे ताई येऊन उभ्या. ताईंना साठावं लागलं होतं. शेडमध्ये किंवा गोदामात त्या कधी कामाशिवाय पाऊल टाकत नसत. तेलाचा वास डोक्यात जातो, म्हणायच्या.

"काय हवंय ताई?"

ताईंनी कोपऱ्यातल्या फोर्कलिफ्टकडे बोट केलं. "ती गाडी. अवघड असते का चालवायला?"

"तुम्हाला चालवायचीय?"

"तीस वर्षं बघतेय. पेटी उचलायची, न्यायची, ठेवायची. घरात मी दुसरं काय करते?"

पानेबाईनं तिथल्या तिथे रिकामी पेटी मध्ये आणली आणि ताईंना सीटवर बसवलं. पहिल्या दिवशी ताईंनी दोन पेट्यांच्या फळ्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी भाऊजी सहज डोकावले, समोरून बायकोला गाडीवर येताना पाहिलं आणि जागच्या जागी भिंतीला चिकटले.

"सरका बाजूला," ताई वरून म्हणाल्या, "रिव्हर्स शिकतेय."

महिन्याभरात त्या चौथ्या थरापर्यंत पेट्या रचायला लागल्या. पाचव्या-सहाव्याला अजून पानेबाई लागते, आणि त्यावरून दोघी जावांची रोज दुपारी तिथे हुज्जत चालते. ताई म्हणतात, आज पाचवा करूच. पानेबाई मान उंचावून थराकडे बघते, ताईंच्या हाताकडे बघते, आणि म्हणते, "बरं. पण सावकाश."